उत्थापक मंच : रहदारीलगतचे काम

उत्थापक मंच : रस्त्यावरील दिव्यांचे खांब, संकेतदीप, दिशाफलक व पुलांचे तळभाग यांची दुरुस्ती ज्या वर-खाली होणाऱ्या यांत्रिक पाळण्यात उभे राहून करतात, त्यास ही संज्ञा आहे. सरळ वर चढणारी ‘सिझर लिफ्ट’ आणि लांब भुजेच्या टोकाशी पाळणा असलेली ‘बूम लिफ्ट’ हे त्याचे प्रमुख प्रकार असून, दिवाबत्तीच्या कामी बहुधा ट्रकवर बसविलेली ‘बकेट’ची गाडी योजतात.

धोक्याचे स्वरूप : अशा कामात उंचीइतकेच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, भय खालच्या रहदारीचे असते. तळ अवघ्या एका अंशाने कलला तरी 15 मी. उंचीवरील पाळणा सुमारे 26 सेंमी. सरकतो, मग भरधाव वाहनाचा धक्का भुजेस किंवा गाडीस बसला, तर गोफणीतून दगड सुटावा तसा आतील मनुष्य कठड्याबाहेर फेकला जातो, यात नवल नाही. भुजा वळविताना तिच्या मागील प्रतिभाराचा भाग लगतच्या मार्गिकेत शिरतो. आणि चालकाची दृष्टी रस्त्यावर खिळलेली असल्याने डोक्यावरचा पाळणा उंच मालट्रक अगदी समीप येईपर्यंत त्याच्या ध्यानी येत नाही.

रस्त्याचा बंदोबस्त : भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘एसपी 55’ (2014) या मार्गदर्शिकेनुसार कामाच्या जागेचे पूर्वसूचना, मार्गबदल, प्रत्यक्ष कार्य व समाप्ती असे टप्पे पाडतात. फलक, शंकू, अडथळे व झेंडेवाला यांची तजवीज पाळणा उचलण्यापूर्वीच व्हावी लागते. बंद करावयाची जागा केवळ गाडीच्या चाकांवरून न मोजता, भुजा व प्रतिभार जेथवर फिरतील त्या संपूर्ण घेराखालची मोजावी.

पाळण्यातील शिस्त : बूम लिफ्टमध्ये पूर्णदेही हार्नेसची आखूड दोरी पाळण्यातील नेमून दिलेल्या कड्यासच अडकवावी, खांबास अडकविल्यास, गाडी हलताच मनुष्य खांब व पाळणा यांच्या ओढाताणीत सापडतो. कठड्यावर चढू नये व नेमून दिलेला भार ओलांडू नये. मोकळ्या जागी वापरावयाच्या पुष्कळशा यंत्रांना वाऱ्याची सेकंदास 12.5 मी. ही कमाल मर्यादा असते. म्हणून झंझावाती दिवशी काम तहकूब करावे. वीजवाहक तारा जवळ असल्यास प्रवाह बंद केल्याचा लेखी परवाना हाती आल्याखेरीज पाळणा वर नेऊ नये. वरील मनुष्य बेशुद्ध पडल्यास तळाच्या कळींनी पाळणा उतरविणारा, त्या कामात तरबेज असा एक इसम सदैव खाली हजर हवा.

जबाबदारी : काम अर्ध्या घटकेचे म्हणून बंदोबस्त टाळण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक होय, कारण आघातास एक क्षण पुरतो आणि दिवा बदलण्यास लागणारा अल्पावधी त्यापासून कोणतेही अभय देत नाही. यास्तव मक्ता देणाऱ्या खात्याने बंदोबस्ताचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून मांडावा. अन्यथा काटकसरीच्या ओढीने मक्तेदार प्रथम त्यालाच कात्री लावतो, आणि त्या बचतीची किंमत पाळण्यातील मजुरास मोजावी लागते.