आत्मनेपद आणि जर्मन वाक्य

जर्मन शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. आनंद होणें, आठवण होणें अशा साध्या क्रियापदांसही 'झिख्' म्हणजे 'स्वतःला' हें शेपूट कां लागावें, ही पहिली; आणि क्रियापद एकदां दुसऱ्या स्थानीं तर एकदां वाक्याच्या अगदीं शेवटीं कां जावें, ही दुसरी. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकारानें १८८० सालीं या भाषेची यथेच्छ थट्टा केली. आपणही जर्मन भाषा इंग्रजीच्या चष्म्यांतून पाहतों, म्हणून ती थट्टा आपणांस पटते. तथापि संस्कृत जाणणारास या दोन्ही गोष्टी इतक्या परक्या वाटूं नयेत.

ऋत्विज् 'यजति', परंतु यजमान 'यजते'. कारण यज्ञाचें फळ यजमानास मिळावयाचें असतें. क्रियेचें फळ कर्त्याकडे वळणें हें संस्कृतांत प्रत्ययानेंच दर्शविलें जाई. जर्मनिक भाषांतही असे प्रत्यय होते. चौथ्या शतकांत वुल्फिलानें केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरांत त्यांचे अवशेष सांपडतात. मात्र तेथें ते कर्मणि अर्थापुरतेच उरले आहेत. पुढें जुन्या जर्मन भाषेंतून तेही लोपले. प्रत्यय गेले तरी अर्थाची गरज गेली नाहीं, आणि ती बव्हंशीं 'झिख्' या सर्वनामानें भागविली. हें सर्वनाम आपल्या 'स्व' शब्दाचें सगोत्रच होय.

आतां या शब्दाचें स्थान पाहूं. 'होयटे वेश्ट झिख् डेर क्नाबे', म्हणजे शब्दशः 'आज धुतो स्वतःला मुलगा'. हेंच गौण वाक्य केलें कीं 'दास् झिख् डेर क्नाबे वेश्ट' असें होतें. क्रियापद शेवटीं गेलें. 'झिख्' मात्र वाक्याच्या आरंभाजवळच राहिलें. कर्ता सर्वनाम असल्यास तेवढें त्याच्या पुढें बसतें.

स्विस पंडित याकोब वाकरनागेल (१८५३–१९३८) यांनीं १८९२ सालीं एका निबंधांत दाखविलें कीं, प्राचीन भाषांत आघातहीन लहान शब्द वाक्यांतील पहिल्या शब्दामागून येतात. आपले 'च', 'वा', 'मे', 'ते' वाक्यारंभीं येत नाहींत, तें यामुळेंच. त्यांनीं आणखी एक तर्क केला. पाणिनीच्या नियमाप्रमाणें मुख्य वाक्यांतील क्रियापद सामान्यतः अनुदात्त असतें. 'यद्' शब्दानें आरंभ होणाऱ्या गौण वाक्यांत तें आपला स्वर राखतें. जर्मन मुख्य वाक्यांत क्रियापद दुसऱ्या स्थानीं व गौण वाक्यांत अंतीं असतें, त्याचें मूळ या प्राचीन भेदांत असावें, असें त्यांचें म्हणणें.

हा तर्क सर्वमान्य झालेला नाहीं, आणि तो सिद्धांत समजून मिरविणें योग्य नव्हे. जुन्या जर्मन ग्रंथांत गौण वाक्याचा क्रम बराच सैल आढळतो. क्रियापद अंतीं ठेवण्याचा कडक नियम लेखी भाषेंत मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत दृढ झाला. मराठींतही क्रियापद शेवटीं येतें. पण तेवढ्या साम्यावरून दोहोंचा निकट वारसा सिद्ध होत नाहीं. आपल्याकडे संस्कृताशीं साम्य दिसलें कीं लगेच अभिमानाची गुढी उभारण्याची संवय आहे, म्हणून हें स्पष्ट सांगणें अवश्य वाटतें.

तरीही विद्यार्थ्याचा लाभ मोठा आहे. नियम पाठ करण्यापूर्वीं त्याचा इतिहास कळला, तर जें लहरीपणाचें वाटतें त्यांत व्यवस्था दिसूं लागते. इंग्रजी ही आपली ज्ञानाची एक खिडकी आहे. परंतु प्रत्येक घर त्याच खिडकींतून पाहण्याचा हट्ट कां धरावा?