आठ मिनिटांचे काव्य

१९५८ साली ब्रसेल्स शहरी जागतिक प्रदर्शन भरले. फिलिप्स या डच कंपनीने तेथे आपली यंत्रे मांडून ठेवण्याऐवजी ध्वनी आणि प्रकाश यांचे सामर्थ्यच प्रेक्षकांस अनुभवू द्यावे असे ठरवले, व त्यासाठी ल कार्बुझिए यांना पाचारण केले. चंदीगढचे शिल्पकार आणि फ्रान्समधील राँशां येथील मरियामातेच्या प्रार्थनामंदिराचे निर्माते म्हणून त्यांचे नाव आपणांस परिचित आहे.

संगीतासाठी त्यांनी एदगार वारेझ यांची निवड केली. सत्तरी ओलांडलेल्या या संगीतकाराचे प्रयोग कंपनीला रुचेनात. परंतु ल कार्बुझिए यांनी त्यांची बाजू सोडली नाही.

वास्तूचे रूप मात्र घडवले ते त्यांच्या कार्यालयातील सहायक यानिस झेनाकिस यांनी. ग्रीसमधील लढ्यात एक डोळा गमावून फ्रान्समध्ये आश्रयास आलेला हा अभियंता स्वतः संगीतकारही होता. दोन तिरक्या काठ्यांमध्ये सरळ दोऱ्या ताणल्या, तर त्यांतून वळणदार पृष्ठभाग तयार होतो. तंतुवाद्यांचे स्वर सरकवत नेताना झेनाकिस यांनी हेच तत्त्व १९५४ च्या आपल्या रचनेत वापरले होते. आता त्याच रेषा काँक्रीटच्या पातळ भिंती झाल्या.

आत एका वेळी सुमारे पाचशे प्रेक्षक मावत. आठ मिनिटे अंधारात रंगीत प्रकाश फिरे; वक्र भिंतींवर मुखवटे, छळछावण्या, अणुस्फोट आणि तान्ही बालके यांची चित्रे उमटत; शेकडो ध्वनिक्षेपकांतून वारेझ यांचे 'इलेक्ट्रॉनिक काव्य' भिंतींवरून धावत जाई. चित्रपट व संगीत स्वतंत्रपणे रचलेले होते. त्यांचा मेळ प्रेक्षकाच्या मनातच जुळावयाचा होता. दोन खेळांच्या मधल्या वेळी झेनाकिस यांची एक छोटी रचना ऐकू येई. ती जळत्या कोळशाच्या तडतडीतून निर्माण केलेली होती.

वास्तूचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न मात्र उरलाच. झेनाकिस यांना ते मागून घ्यावे लागले. अखेर ल कार्बुझिए यांनी त्यांचे नाव आपल्या नावाशेजारी मान्य केले; पण १९५९ मध्ये झेनाकिस यांचा त्या कार्यालयाशी संबंध संपला. त्याच वर्षी जानेवारीत ती वास्तूही पाडण्यात आली. संगीत तेवढे उरले.

लियॉनजवळच्या ला तूरेत येथील दोमिनिकन मठात मात्र या दोघांची कामगिरी आजही एकत्र उभी आहे. तेथील काचेच्या उभ्या पट्ट्यांची कमीअधिक अंतरांची लय झेनाकिस यांची आहे. आपल्या गावोगावच्या चर्चच्या कोनशिलेवर एखाददुसरेच नाव कोरलेले असते. कमान बांधणारा गवंडी आणि तुळई तासणारा सुतार यांची नावे जाणत्यांना आठवत आहेत, तोवरच ती आपण लिहून ठेवावीत, असे आम्हांस वाटते.