भंगारातील स्मृती

राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर लावली जाणारी राख कोठून येते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरच्या क्रुसामागे वर्षभर सुकतात आणि प्रथेनुसार त्याच जाळून ही राख तयार केली जाते. प्रभूच्या जयघोषाची आणि माणसाच्या मर्त्यतेची आठवण अशी एकाच पदार्थात सामावते. वाळून निरुपयोगी झालेल्या वस्तूला, तिचा भूतकाळ न पुसता, नवा अर्थ देणे ख्रिस्तसभेला अपरिचित नाही.

वस्तू आपले पूर्वायुष्य सहसा विसरत नाही. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा देशावर आल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या देवळातील घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आजही दिसते. घंटेचे स्थान बदलले, पण तिच्यावरील माता तीच राहिली.

आधुनिक कलेने हे मर्म विसाव्या शतकात जाणीवपूर्वक हाती घेतले. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रावर चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, जर्मनीतील हॅनोव्हर येथे कुर्ट श्विटर्स फेकलेली तिकिटे, कागदाचे कपटे आणि लाकडाचे तुकडे जोडून चित्रे करू लागला. मोडलेल्या काळाचे चित्र मोडक्या वस्तूंतून साकारू लागले.

आपल्याकडे या वाटेला दुःखाने धार आणली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतर विवान सुंदरम यांनी 'मेमोरियल' ही कलाकृती उभारली. तिच्या केंद्रस्थानी रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे, होशी जाल यांनी टिपलेले, वृत्तपत्रीय छायाचित्र होते. त्याच्या प्रतींवर सुंदरम यांनी खिळे ठोकले आणि पत्र्याच्या ट्रंकांची कमान रचली. घर सोडून पळताना माणूस जी ट्रंक उचलतो, तीच येथे स्मारकाची वीट झाली.

रुमाना हुसेन (१९५२–१९९९) या मूळच्या चित्रकार. त्याच घटनांनी हादरून त्या कॅनव्हासच्या पलीकडे गेल्या आणि फुटकी मडकी, आरसे, गेरू यांतून बोलू लागल्या. फुटलेल्या मडक्यात त्यांना दुभंगलेला समाज दिसला, तसे स्त्रीचे घायाळ शरीरही दिसले. १९९९ च्या 'अ स्पेस फॉर हीलिंग' या रचनेत लाल भिंतींवर गंजलेली अवजारे अशी मांडली होती की उर्दू लिपीचा भास व्हावा. ती जागा इस्पितळही वाटे आणि प्रार्थनास्थळही. त्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आजारी देह आणि आजारी समाज या दोहोंसाठी त्यांनी गंजलेल्या लोखंडाकडून प्रार्थना करून घेतली.

गंजलेले लोखंड दापोडीकरांना नवे नाही. मुळा-पवनेच्या संगमावरील या गावात एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. आसपासच्या कारखान्यांत आपल्या अनेक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्यांनी घाम गाळला. या पट्ट्यातील भंगाराचा मोठा बाजार चिखलीजवळच्या कुदळवाडीत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील गोदामे पाडली. काट्यावर तोलल्या गेलेल्या त्या लोखंडात कोणाच्या वडिलांचा पाना, कोणाचा जेवणाचा डबा गेला असेल, हे सांगणे कठीण आहे. कामगाराचा इतिहास ग्रंथांत क्वचितच येतो. तो बहुधा अशाच वस्तूंत असतो आणि किलोच्या भावाने निघून जातो.

म्हणून पालकांना एक विनंती. दिवाळीपूर्वी किंवा नाताळच्या आवराआवरीत आजोबांची एखादी वस्तू बाजूला काढावी आणि ती कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीत वापरली गेली हे मुलांना सांगावे. मग मुलांना ती फळीवर बसवू द्यावी. सोबत जुने फोटो, पगाराची पाकिटे, आजीच्या लुगड्याचा तुकडा लावू द्यावा. सुबकतेचा आग्रह नको. प्रायश्चित्तकाळात अशा फळ्या चर्चच्या आवारात एकत्र मांडल्या, तर आपल्या धर्मग्रामाचा लिहिला न गेलेला इतिहास आपल्याला प्रथमच डोळ्यांनी पाहता येईल.