स्पीकरला कान आले

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. तेव्हापासून रेडिओचा आणि आपला एक अलिखित करार होता. त्यानं बोलायचं आणि आपण ऐकायचं. आपण त्याच्यासमोर भांडलो, हसलो, त्यातल्या गायकाला नावं ठेवली, तरी त्याला त्याचा पत्ता नसायचा. रेडिओला कान होता, तो फक्त पिळण्यापुरता!

गेल्या दहा-बारा वर्षांत हा करार मोडला. गाणी वाजवणारा स्पीकर आता आपलं बोलणंही ऐकू लागला. ‘आवाज कमी कर’ म्हटलं की तो कमी करतो. ‘पुढचं गाणं लाव’ म्हटलं की लावतो. ही सोय कशी आली, तिच्यासाठी कुणी काय मोजलं, हा अलीकडचाच इतिहास आहे. तो समजून घ्यायला हवा, कारण त्याचा संबंध आपल्या घराच्या चार भिंतींशी आहे.

यंत्रानं माणसाचं बोलणं ओळखावं ही हौस तशी जुनीच. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘रेडिओ रेक्स’ नावाचं एक खेळणं मिळे. ‘रेक्स’ अशी हाक मारली की घरट्यातला छोटा कुत्रा टुणकन बाहेर येई. त्या शब्दातल्या स्वराच्या कंपनानं आतली स्प्रिंग सुटे, एवढीच त्यातली गंमत. मग १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेनं ‘ऑड्री’ हे यंत्र बनवलं. शून्य ते नऊ हे आकडे कुणी सावकाश, थांबत थांबत उच्चारले तर ते ओळखे. मात्र यंत्र ज्याच्या आवाजाशी जुळवलेलं असेल, त्याचंच ते नीट ऐके. १९६२ च्या सिअॅटल जागतिक प्रदर्शनात आयबीएमनं सोळा शब्द ओळखणारा ‘शूबॉक्स’ मांडला. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘हार्पी’ या प्रणालीनं हजारावर शब्दांपर्यंत मजल मारली. तिथल्या या संशोधनाचे अग्रणी होते आंध्रातल्या खेड्यातून गेलेले राज रेड्डी. पुढे १९९४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या सगळ्या यंत्रांसमोर तोंडाजवळ मायक्रोफोन धरून बोलावं लागे. दिवाणखान्यातला स्पीकर मात्र आपल्यापासून दहा-पंधरा फुटांवर असतो. आवाजाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. त्यात भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी, डोक्यावरचा पंखा, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. आणि सगळ्यांत मोठी अडचण खुद्द स्पीकरचीच! तो स्वतः मोठ्यानं गात असतो आणि त्याच वेळी त्यानं आपली हाक ऐकायची असते. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला मागून हाक मारून बघा, म्हणजे ही अडचण किती मोठी आहे ते कळेल.

या अडचणीवरचा तोडगा आला टेलिफोनमधून. १९६०च्या दशकात उपग्रहामार्फत लांबचे फोन लागू लागले, तेव्हा बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज काही क्षणांनी परत ऐकू येई आणि संभाषण अशक्य होई. बेल प्रयोगशाळेत जॉन केली, बेन लोगन आणि भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी यावर काम केलं. त्यांची युक्ती अशी : तारेतून कोणता आवाज गेला हे यंत्राला ठाऊकच असतं. मग परत येणाऱ्या आवाजातून त्याचा अंदाज वजा करायचा आणि तो अंदाज क्षणोक्षणी सुधारत राहायचं. आजचा स्पीकरही हेच करतो. आपण कोणतं गाणं वाजवतो आहोत हे त्याला माहीत असतं. कानांवर पडलेल्या एकूण गोंगाटातून तो आपलं गाणं वजा करतो आणि जे उरतं त्यात माणसाचा शब्द शोधतो. शिवाय त्याला अनेक मायक्रोफोन असतात. एकच हाक प्रत्येकापर्यंत किंचित मागेपुढे पोचते, त्यावरून ती कोणत्या दिशेनं आली हे त्याला ताडता येतं.

अशा सात मायक्रोफोनांचं नळकांडं अ‍ॅमेझॉननं नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘एको’ या नावानं आणलं. त्यातल्या मदतनिसाचं नाव अलेक्सा. नाव घेतलं की ती जागी होते. ही हाक ओळखण्याचं काम स्पीकरमध्येच होतं. पण हाकेनंतरचं वाक्य इंटरनेटवरून अ‍ॅमेझॉनच्या संगणकांकडे जातं, तिथं त्याचा अर्थ लागतो आणि उत्तर परत येतं. हे सगळं इतकं झटपट होतं की वाक्य घराबाहेर जाऊन आलं याची जाणीवही होत नाही.

आता सोनोस या कंपनीकडे वळू. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या या कंपनीनं २००५ पासून घराच्या वेगवेगळ्या खोल्यांत बिनतारी संगीत पोचवणारी उपकरणं विकली. एकच गाणं साऱ्या घरात एकाच वेळी वाजावं, किंवा प्रत्येक खोलीत वेगळं वाजावं, ही तिची खासियत. हुकूम द्यायला आधी हातातलं यंत्र होतं, मग मोबाइल आला. कंपनीचं बरं चाललं होतं. पण ‘एको’ आला आणि लोकांना बोटापेक्षा जीभ सोपी वाटू लागली. मार्च २०१६ मध्ये सोनोसचे प्रमुख जॉन मॅकफार्लेन यांनी काही कर्मचाऱ्यांना कमी करत असल्याचं जाहीर केलं आणि यापुढे आवाजी आज्ञांवर भर देऊ, असंही सांगितलं.

पण भाषा समजणारं यंत्र काही एका रात्रीत घडत नाही. सोनोसकडे चांगले स्पीकर होते, पण त्यांना बोलणं समजून घेणारी बुद्धी नव्हती. ती होती अ‍ॅमेझॉन आणि गुगल या बलाढ्य कंपन्यांकडे, आणि या दोघीही स्वतःचे स्पीकर विकत होत्या! म्हणजे आपल्या दुकानाचा गल्ला सांभाळायला समोरच्या दुकानदाराचा माणूस ठेवण्यासारखंच हे. तरीही ऑगस्ट २०१६ मध्ये सोनोसनं अ‍ॅमेझॉनशी हातमिळवणी जाहीर केली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सहा मायक्रोफोनांचा, अलेक्सा असलेला ‘सोनोस वन’ बाजारात आला. गुगलचा मदतनीस त्यावर यायला मे २०१९ उजाडलं.

या सोयीबरोबर काही अटीही आल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सोनोसनं माहिती गोळा करण्याविषयीचं आपलं धोरण बदललं. जे ग्राहक ते मान्य करणार नाहीत, त्यांच्या स्पीकरला नव्या सुधारणा मिळणार नाहीत आणि कालांतरानं तो नीट चालेनासाही होऊ शकेल, असं कंपनीनं सांगितलं. पूर्ण पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवरही मालकी अर्धीच, हे त्या निमित्तानं अनेकांच्या ध्यानात आलं. दुसरीकडे, याच कंपनीनं ‘सोनोस वन’वरचा दिवा असा जोडला होता की मायक्रोफोनांना वीज मिळत असेल तर तो पेटणारच. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिनं तसाच, पण मायक्रोफोन नसलेला स्पीकर विक्रीला काढला. कान नसलेल्या स्पीकरलाही गिऱ्हाईक आहे, हे दोन वर्षांतच उमगलं होतं.

तसं होण्याला कारण होतं. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं उघड केलं की अलेक्साला शिकवण्यासाठी भारतासह अनेक देशांत माणसं बसून ग्राहकांच्या बोलण्याचे तुकडे ऐकतात. निवडक नमुनेच ऐकले जातात आणि तेही सुधारणेसाठी, असं अ‍ॅमेझॉनचं म्हणणं होतं. पुढे २०२३ मध्ये लहान मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवून ठेवल्याच्या प्रकरणात अमेरिकी सरकारशी तडजोड करताना अ‍ॅमेझॉननं अडीच कोटी डॉलरचा दंड भरायचं कबूल केलं.

इकडे सोनोस आणि गुगल यांचंही बिनसलं. जानेवारी २०२० मध्ये सोनोसनं गुगलवर पेटंटभंगाचा दावा लावला. त्याच महिन्यात सोनोसचे नवे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गेले. एकाच स्पीकरवर दोन मदतनीस एकाच वेळी हाकेला तयार ठेवणं आम्हाला जमतं, पण बड्या कंपन्या ते करू देत नाहीत, अशा अर्थाची साक्ष त्यांनी दिली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं सोनोसच्या पाच पेटंटांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. त्यावर गुगलनं आपल्या स्पीकरांची काही वैशिष्ट्यं बदलली. एका हुकमानं साऱ्या घरातल्या स्पीकरांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय त्यांच्या ग्राहकांना गमवावी लागली. भांडण दोन कंपन्यांचं, भुर्दंड घरात बसलेल्या माणसाला!

या परावलंबनातून सोनोसनं जी वाट काढली, ती मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिनं पॅरिसची ‘स्निप्स’ ही छोटी कंपनी सुमारे पावणेचार कोटी डॉलरला विकत घेतली. स्निप्सचं वैशिष्ट्य असं की बोलण्याचा अर्थ ती यंत्राच्या आतच लावे, शब्द बाहेर पाठवत नसे. त्यातूनच जून २०२२ मध्ये ‘सोनोस व्हॉइस कंट्रोल’ आलं. गाणं लावणं, आवाज कमी-जास्त करणं, एका खोलीतलं संगीत दुसऱ्या खोलीत नेणं, एवढंच ते करी. पाऊस पडेल का, असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसे. पण आपण काय म्हणालो हे समजण्यासाठी आपला आवाज घराबाहेर जात नसे.

म्हणजे शब्द बाहेर गेल्याशिवाय यंत्राला समजणारच नाही, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. मोजक्या कामापुरतं तरी घरातल्या घरात भागतं, हे सिद्ध झालं आहे. पुढे काय करायचं हा व्यापाराचा निर्णय असतो आणि तो उलट दिशेनंही होतो. अ‍ॅमेझॉननं आपल्या काही स्पीकरांवर आवाजाची नोंद बाहेर न पाठवण्याचा पर्याय दिला होता. नव्या, अधिक हुशार अलेक्सासाठी मोठ्या संगणकांची गरज असल्याचं सांगून २८ मार्च २०२५ पासून तो काढून घेतला.

या घरगुती मार्गालाही मर्यादा आहे आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. छोट्या यंत्रात मावणारी बुद्धी एकेका भाषेसाठी वेगळी घडवावी लागते. सोनोसचा मदतनीस आधी इंग्रजी शिकला, मग फ्रेंच. अलेक्सा भारतात आली २०१७ मध्ये, हिंदी बोलू लागली २०१९ मध्ये. ज्या भाषेचे ग्राहक कंपनीला मोलाचे वाटतात, त्या भाषेचा नंबर आधी लागतो. मराठी घरातल्या आजीला नातवाकडून ‘व्हॉल्यूम डाऊन’ शिकावं लागतं, त्यामागचं कारण हे आहे. आपलं बोलणं घरातच राहावं आणि ते आपल्याच भाषेत असावं, या दोन्ही मागण्या एकत्र करायला हव्यात.

तेव्हा असा स्पीकर घ्यायला दुकानात गेलात, तर त्याचा आवाज किती दमदार आहे हे जरूर ऐका. पण विक्रेत्याला आणखी तीन गोष्टी विचारा. मायक्रोफोन बंद करायचं बटण आहे का? ते मायक्रोफोनची वीज तोडतं, की नुसतं ‘ऐकू नकोस’ असं सांगतं? आणि मी घरात बोललेलं वाक्य जातं कुठे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर खरेदीची घाई करू नका.