जाणण्याचा हक्क आणि आपला मोहल्ला

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी स्वतःचे नाव न देता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती मान्य केली नाही.

यादीत नाव असणे ही पहिली पायरी. उमेदवार कोण आहे हे जाणून मत देणे ही दुसरी. तिथवर पोहोचायला अर्धे शतक लागले.

१९९९ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आदी प्राध्यापकांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. उमेदवाराने आपले फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण मतदाराला सांगावे, एवढीच मागणी. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष याविरुद्ध एक झाले. आधी अध्यादेश आला, मग कायद्यात दुरुस्ती. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने हक्क संकुचित करणारी ती तरतूद रद्द केली.

या दोन निकालांच्या मधल्या काळात गुजरात होते. हजारावर माणसे गमावलेल्या त्याच वर्षी, डिसेंबर २००२ मध्ये तिथे विधानसभेची निवडणूक झाली. संस्थेने आपला पहिला 'इलेक्शन वॉच' तिथेच केला. भीतीने आणि त्वेषाने भारलेल्या हवेत कार्यकर्ते उमेदवारांची माहिती जमवून लोकांपुढे ठेवत होते.

पुढे काय झाले? २००४ च्या लोकसभेत २४ टक्के खासदारांवर फौजदारी खटले नोंदलेले होते, २०२४ मध्ये ४६ टक्क्यांवर. माहिती वाढली, तसे खटलेही वाढले. मग हा खटाटोप फुकट गेला का?

मला तसे वाटत नाही. प्रतिज्ञापत्र कचेरीच्या फलकावर लागते. मोहल्ल्यात ते कुणीतरी वाचून दाखवावे लागते. २०२४ मध्ये आम्ही चार-पाच शिक्षकांनी हे करून पाहिले. एकच नियम ठेवला: मत कुणाला द्यायचे, हे सांगायचे नाही. उर्दूत वाचून दाखवायचे. खटला म्हणजे शिक्षा नव्हे, हेही सांगायचे. मोर्चात रस्ता अडवल्याचा खटला वेगळा, खंडणीचा वेगळा.

एक वयस्क खाला सगळे ऐकून म्हणाल्या, "मास्टरसाब, इसमें हमारे नल का कहाँ लिखा है?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. प्रतिज्ञापत्रात तो रकाना नाही. पण दुसऱ्या दिवशी मते मागायला आलेल्या उमेदवाराला खालांनी तोच प्रश्न विचारला, आणि आपले नावही सांगितले. स्वतःचे, पूर्ण नाव.