पारितोषिकाचें नांव

पारितोषिक कोणास मिळालें याची चर्चा सर्वत्र होते. तें कोणाच्या नांवें दिलें जातें इकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः ज्याच्या नांवानें आपण दुसऱ्यास गौरवितों, त्यासहि आपण दरवर्षीं नव्यानें गौरवीत असतों. अमेरिकेंतील बेसबॉल-लेखकांच्या संघास ही साधी गोष्ट उमगावयास जवळजवळ साठ वर्षें लागलीं. त्या साठ वर्षांची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. खेळावर लिहिणाराची थोरवी कशांत असते, या प्रश्नाचा उलगडा तींत बराचसा होतो.

हा संघ १९०८ सालीं स्थापन झाला. सामन्यांच्या वेळीं वार्ताहरांस बसावयास धड जागा मिळत नसे, हें त्याच्या स्थापनेमागचें एक मुख्य गाऱ्हाणें होतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें कळून येईल. १९६२ सालीं या संघानें बेसबॉलवरील उत्कृष्ट लेखनासाठीं वार्षिक पारितोषिक सुरू केलें आणि त्यास जे. जी. टेलर स्पिंक यांचें नांव दिलें. पहिले मानकरीहि तेच. सेंट लुई येथील 'स्पोर्टिंग न्यूज' हें पत्र त्यांनीं १९१४ पासून चालविलें होतें, आणि बेसबॉलच्या शौकिनांत त्याचा अधिकार एवढा मोठा होता कीं, लोक त्यास त्या खेळाचें बायबल म्हणत. पुढील वर्षांत रिंग लार्डनर यांच्यासारख्या विनोदी कथालेखकास आणि १९१९ च्या अंतिम मालिकेंतील लांचलुचपतीविरुद्ध आवाज उठविणाऱ्या ह्यू फुलर्टन यांस हा मान मरणोत्तर मिळाला. कूपर्सटाउन या लहानशा गांवीं, जेथें बेसबॉलचें कीर्तिमंदिर आहे, तेथें होणारा हा गौरव म्हणजे त्या धंद्यांतील परमोच्च पद होय.

परंतु स्पिंक यांच्या पत्राची एक दुसरी बाजूहि आहे. त्या काळीं मोठ्या संघांत एकहि कृष्णवर्णी खेळाडू नसे. तसा लेखी नियम कोठें नव्हता; होता तो मालकांचा मूक करार, आणि तो कोणत्याहि लेखी नियमाहून कडक होता. ऑगस्ट १९४२ मध्यें 'स्पोर्टिंग न्यूज'नें अग्रलेख लिहून प्रतिपादन केलें कीं, हा वर्णाचा प्रश्न उकरून काढण्यांत कोणाचेंच हित नाहीं. दोन्ही वर्णांनीं आपापल्या संघांत खेळावें, नाहींतर मैदानावर व प्रेक्षकांत तंटे माजतील. सर्वांत वजनदार लेखणीनें सर्वांत जुन्या अन्यायास असें शहाणपणाचें रूप दिलें.

त्याच काळांत पिट्सबर्गच्या 'कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या पत्रांत वेंडेल स्मिथ हे तरुण गृहस्थ लिहीत होते. पूर्वीं डेट्रॉइट येथें ते स्वतः नामांकित चेंडूफेके होते. परंतु खेळाडू हेरावयास आलेल्या गृहस्थानें त्यांना, केवळ वर्णामुळें तुम्हांस घेतां येत नाहीं, असें तोंडावर सांगितलें होतें. त्या दुःखाचें त्यांनीं रडगाणें केलें नाहीं. त्याचें काम केलें. १९३९ सालीं नॅशनल लीगचे आठहि व्यवस्थापक व सुमारें चाळीस खेळाडू यांना गांठून त्यांनीं एकच प्रश्न विचारला, आणि बहुतेकांची कृष्णवर्णी सोबत्याविषयीं हरकत नाहीं, हें छापून दाखविलें. म्हणजे १९४२ च्या अग्रलेखांतील भयास उत्तर तीन वर्षें आधींच प्रसिद्ध झालेलें होतें! एप्रिल १९४५ मध्यें ते तीन खेळाडूंस घेऊन बॉस्टनला चांचणीसाठीं गेले. तेथून पुढें बोलावणें आलें नाहींच. परंतु त्यांपैकीं एकाचें, जॅकी रॉबिन्सन यांचें, नांव त्यांनीं ब्रुकलिनच्या संघाचे चालक ब्रँच रिकी यांस सुचविलें. १५ एप्रिल १९४७ रोजीं रॉबिन्सन ब्रुकलिनतर्फे मैदानांत उतरले आणि तो मूक करार मोडला.

रॉबिन्सन खेळूं लागले, तरी स्मिथ यांस गोऱ्या वार्ताहरांच्या कक्षांत जागा नव्हती. ते प्रेक्षकांत बसून मजकूर लिहीत. बॉल्टिमोरच्या 'ॲफ्रो-अमेरिकन'चे सॅम लेसी यांची हीच अवस्था. न्यू ऑर्लिन्स येथें कक्षांत मज्जाव झाला तेव्हां त्यांनीं खुर्ची उचलून सरळ छपरावर नेली. थोड्याच वेळांत कांहीं गोरे वार्ताहर उन्हाचें निमित्त करून त्यांच्या शेजारीं येऊन बसले, अशी आठवण सांगतात. बसावयाच्या जागेसाठीं जन्मलेल्या धंद्यानें दुसऱ्याची जागा नाकारावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

आमच्या वाचकांस हें फारसें परकें वाटूं नये. पाळवणकर बाळू यांच्या हातचा चेंडू पुण्याच्या मैदानावर सर्वांस चाले. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. हिंदु संघाचें नायकत्वहि त्यांना लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

असो. स्मिथ १९७२ सालीं, रॉबिन्सन यांच्या मागोमाग सुमारें महिन्याभरानें निवर्तले. त्यांस पारितोषिक मिळालें तें १९९३ सालचें, आणि तें स्पिंक यांच्या नांवाचें! १९९७ चें लेसी यांस मिळालें. २०१७ सालीं क्लेअर स्मिथ या पहिल्या महिला मानकरी झाल्या. १९८४ सालीं त्यांना एका सामन्यानंतर खेळाडूंच्या दालनांतून बाहेर काढण्यांत आलें होतें, व तेव्हां स्टीव्ह गार्वी हा खेळाडू स्वतः बाहेर येऊन त्यांना मुलाखत देऊन गेला होता. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्यें संघानें प्रचंड बहुमतानें स्पिंक यांचें नांव काढून टाकलें. आतां तें पारितोषिक केवळ संघाच्या नांवानें दिलें जातें.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो. तो काळच तसा होता. मृतांस आजच्या तराजूंत तोलणें अन्यायाचें नव्हे काय? आक्षेप तुच्छ मानण्यासारखा नाहीं. स्पिंक यांच्याच पत्रानें १९४७ सालीं रॉबिन्सन यांस नवोदितांतील श्रेष्ठ खेळाडू म्हणून गौरविलें, हेंहि न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. परंतु काळ म्हणजे केवळ बलवानांचें मत काय? १९४२ हें वर्ष जितकें स्पिंक यांचें, तितकेंच वेंडेल स्मिथ यांचेंहि होतें. खेळ तोच, लेखणी तीच. एकानें प्रश्न मिटविण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यानें तो विचारला. स्पिंक यांस तोलणारा तराजू आजचा नाहीं. तो त्यांच्याच काळांत, प्रेक्षकांतल्या एका बांकावर, टंकलेखन करीत बसला होता.

स्पिंक यांचें इतिहासांतील स्थान कोणी पुसलें नाहीं, पुसूंहि नये. इतिहासांत नांव असणें निराळें आणि पारितोषिकावर असणें निराळें. पहिल्यास घडलेलें पुरतें, दुसऱ्यास आदर लागतो. उत्कृष्ट लेखन निवडणाऱ्यांनीं आपली स्वतःचीहि निवड एकदां तपासून पाहिली, ही गोष्ट, आमच्या मतें, त्या पारितोषिकाच्या कोणत्याहि मानकऱ्याइतकीच गौरवास पात्र आहे.