यमकाची वाट : नर्सी ते कुर्ला

रॅप म्हणजे अमेरिकेतून आलेला आरडाओरडा, असे आमच्या घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. आणि मराठी ही आपल्या शायरीची भाषा नव्हे, असे आमच्या मोहल्ल्यातली मुले धरून चालतात. या दोन्ही समजुती तपासायच्या तर सुरुवात हिंगोली जिल्ह्यापासून करावी लागते.

1999 साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नर्सी नामदेव हे गाव आहे. परंपरा नामदेवांचा जन्म (1270) येथलाच मानते. नामदेवांच्या नावावरील एका अभंगात अभंगाची अक्षरे कशी मोजावीत, याचा हिशेबच दिला आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, एकूण 22. यमक जुळते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी, म्हणजे कडव्याच्या पोटात. शेवटचा चरण मोकळा सोडलेला. अक्षर मोजून, ताल धरून, ओळीच्या आत यमक पेरायचे आणि ते लोकांसमोर तोंडी म्हणायचे, ही विद्या या मातीत सातशे वर्षांपूर्वी रुजली होती. याच नामदेवांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतल्या एकात ते परमेश्वराला करीम, रहीम म्हणून हाक मारतात. शब्दांना तेव्हा कोणी धर्म विचारीत नव्हते.

दुसरी विद्या आली फारसी-उर्दूतून. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, बाजाराची मराठी, आमच्या घरातली दखनी. गझलेबरोबर काफिया आणि रदीफ आले. रदीफ म्हणजे शेराच्या शेवटी जसाच्या तसा फिरून येणारा शब्द किंवा शब्दसमूह. काफिया त्याच्या आधीचे यमक. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर एकाच अक्षराचे नव्हे, तर चार-पाच अक्षरांच्या लांब ध्वनीचे आवर्तन पडते.

उर्दूच्या उस्तादांनी येथे एक कडक नियम सांगून ठेवला आहे. प्रत्यय काढून टाकल्यावर उरलेले मूळ शब्दही जुळले पाहिजेत. नाहीतर तो ‘ईता’ दोष. ‘बसला’ आणि ‘उठला’ यांतला ‘ला’ काढा. ‘बस’ आणि ‘उठ’ यांचे काही जुळत नाही. ‘बसला’ आणि ‘फसला’ मात्र टिकतात. मराठीत प्रत्ययांची रेलचेल असल्याने स्वस्त यमक पावलोपावली मिळते. म्हणून हा नियम मराठीला उर्दूपेक्षाही अधिक उपयोगी आहे, असे आम्हाला वाटते. सुरेश भट (1932–2003) यांनी गझलेची ही शिस्त मराठीत रुजवली आणि आमच्या इलाही जमादारांनी (1946–2021) ती आयुष्यभर सांभाळली.

आता रॅप. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या गरीब काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत तो जन्मला. सुरुवातीचे यमक साधे, बहुधा ओळीच्या शेवटी. रकीम या रॅपरने 1987च्या पहिल्या अल्बममध्ये लांब, अनेक अक्षरांची आणि ओळीच्या मधोमध येणारी यमके अशी काही रचली की त्यानंतर कसबाचे मापच बदलले. हे कसब मराठीत कसे दिसेल? ‘भाव’ आणि ‘डाव’ हे शाळकरी यमक झाले. ‘हळदीचा भाव’ आणि ‘बदलीचा डाव’ म्हणा. सहाही अक्षरांचे स्वर एकापुढे एक जुळतात. ‘चा’ बाजूला ठेवला तरी ‘हळदी’ आणि ‘बदली’ यांचे स्वर साथ सोडत नाहीत. वसमत-हिंगोलीच्या हळद बाजारात माल घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हा ठेका शिकवावा लागणार नाही.

आमच्या मुलांनी हे कसब कधीच हाती घेतले आहे. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, 2014 साली आयपॅडवर चित्रित केलेल्या ‘आफत’ने गल्लीचा आवाज देशभर पोहोचवला. 2019चा ‘गली बॉय’ त्याच्या आणि डिव्हाइनच्या जगण्यावरून सुचला. पुण्याचा अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, 2023 साली ‘बिग बॉस’ जिंकला. दोघेही महाराष्ट्रातल्या मुसलमान वस्त्यांतले, पण त्यांचा रॅप मुख्यतः मुंबई-पुण्याच्या बोलीतल्या हिंदीत. तो त्यांचा हक्कच आहे. तरीही आम्हाला एक गोष्ट खटकते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊंनी लावण्या-पोवाडे मराठीत रचले. बार्शीच्या महबूब पटेलांनी, म्हणजे शाहीर अमर शेखांनी (1916–1969), संयुक्त महाराष्ट्राचा लढा मराठीतच गाजवला. ही साखळी आमच्या हातून सुटली, तर ‘मुसलमानांचा मराठीशी संबंध काय’ असे विचारणाऱ्यांना उत्तर देताना आमच्याकडे फक्त जुनी नावे उरतील.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच प्रश्नाला उत्तर म्हणून. आता अशा मंचांवर मुशायऱ्याच्या शेजारी रॅपलाही जागा मिळावी. हिंगोलीच्या मोहल्ल्यातला मुलगा घरी दखनी बोलतो, शाळेत अभंग पाठ करतो आणि मुशायऱ्यात काफिया ऐकतो. तीन भाषांचे यमक त्याला आयतेच मिळालेले आहे. त्याला मंच द्यावा, वाहवा करावी आणि नंतर जवळ बसवून त्याच्या ओळींतला ‘ईता’ही दाखवावा. आमच्या उस्तादांनी आम्हाला असेच शिकवले.